क्लोरोफॉर्म आयोग: कौतुक झालं, आता हिशेब

क्लोरोफॉर्म आयोगाचा विषय निघाला की हैदराबादवर लिहिणाऱ्यांची लेखणी सैल सुटते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी हजार पौंड दिले, लंडनच्या 'लॅन्सेट'ने लॉडर ब्रंटन यांना इथं धाडलं, शहराचं नाव जगभर झालं. हे सगळं खरंच. पण आयोगाचा निष्कर्ष बरोबर होता का, हे सहसा कुणी विचारत नाही.

वाद असा होता: क्लोरोफॉर्मने रोगी दगावतो तो आधी श्वास थांबून की हृदय बंद पडून? इथल्या मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या साइम यांचे शिष्य. श्वास सांभाळा, हृदयाची काळजी नको, ही गुरूची शिकवण त्यांनी शिरोधार्य मानली. 1888 च्या पहिल्या आयोगाने तेच सांगितलं. 'लॅन्सेट'ने शंका घेतली, म्हणून 1889 मध्ये दुसरा आयोग बसला. दोन्ही मिळून शेकडो जनावरं वापरली, त्यांत बहुतेक कुत्री. निकाल पुन्हा तोच. वेगळं मत घेऊन आलेले ब्रंटनसुद्धा पटून परत गेले.

आकडे बनावट होते, असं मुळीच नाही. कुत्र्यांचे श्वास खरोखरच आधी थांबले. खोट आहे ती मांडणीत. ज्यांचं मत तपासायचं, तेच लॉरी दुसऱ्या आयोगात तपासायला बसले. शिवाय प्रयोगांत मुख्य भर होता तो क्लोरोफॉर्म जास्त देऊन काय होतं, यावर. अशा वेळी श्वास आधी जाणारच! पण माणसं कित्येकदा सुरुवातीलाच, थोड्याशा क्लोरोफॉर्मने, घाबरलेल्या अवस्थेत मरत होती. 1848 मध्ये इंग्लंडात 15 वर्षांची हॅना ग्रीनर अशीच गेली. नखाची साधी शस्त्रक्रिया होती. पुढे 1911 मध्ये लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं, की हलक्या गुंगीतच हृदय थरथरून एकाएकी बंद पडू शकतं.

श्वासावर नजर ठेवा, हा आयोगाचा अर्धा सल्ला आजही सोन्यासारखा आहे. उरलेला अर्धा, म्हणजे नाडीकडे पाहायचं कारण नाही, हा मात्र घातक. भूल देणाऱ्याला त्यातून खोटा निर्धास्तपणा मिळाला, आणि त्याची किंमत मेजावर झोपलेल्या रोग्याने मोजायची होती.

संशोधनातली लबाडी म्हटली की आपल्याला खोटे आकडे आठवतात. इथं लबाडी नव्हती. हवं ते उत्तर येईल असा प्रश्न विचारला गेला, एवढंच. चूक मात्र त्यानेही तितकीच मोठी होते. तेव्हा यापुढे कुणी आयोगावर लिहील, त्याने निजामाचे हजार पौंड जरूर लिहावेत. त्याच परिच्छेदात ती कुत्री आणि लेव्हींची मांजरंही यावीत. तसं केल्याने शहराचा मान काही कमी होत नाही.