भरवणारे हात

हान कांगच्या ‘द व्हेजिटेरियन’ या कादंबरीतला जेवणाचा प्रसंग मी तीनदा वाचलाय, आणि तिन्ही वेळा मी वेगळ्याच माणसाच्या बाजूने होतो.

पहिल्यांदा वाचला तो २०१६मध्ये. डेबोरा स्मिथच्या इंग्रजी भाषांतराला तेव्हा नुकतंच मॅन बुकर इंटरनॅशनल मिळालं होतं आणि होस्टेलवर कुणीतरी पुस्तक आणलं होतं. प्रसंग असा आहे. योंग-हे नावाच्या एका साध्यासुध्या बाईने एका स्वप्नानंतर मांस खाणं सोडलंय. तिच्या बहिणीच्या, म्हणजे इन-हेच्या नव्या घरी सगळे जेवायला जमलेत. आई एकेक पदार्थ तिच्यापुढे करते. बहीण समजावते. नवरा बघत बसतो. शेवटी व्हिएतनाम युद्धात लढून आलेला बाप तिच्या थोबाडीत देतो, जावयाला आणि मुलाला तिचे हात धरायला सांगतो आणि मांसाचा तुकडा तिच्या तोंडात कोंबतो. ती तो थुंकते आणि फळं कापायची सुरी उचलून स्वतःलाच जखम करून घेते.

मला वाटलं, काय भयंकर लोक आहेत. आपल्याकडे असं नसतं. आपल्याकडे फक्त आग्रह असतो.

दुसऱ्यांदा वाचला तेव्हा मी आजारी होतो आणि मला ते माहीत नव्हतं. इथे एक गोष्ट आधीच सांगतो: या लेखात माझं वजन, किती किलो गेलं, दिवसाला किती खायचो, यातला एकही आकडा येणार नाही. हा आजार असलेला माणूस असे लेख आकड्यांसाठी वाचतो. मीही त्याचसाठी वाचायचो. एवढंच सांगतो की माझा आजार कुणाच्या लक्षात आला नाही, कारण मी मुलगा होतो आणि आमच्या घरी उपासाला मान आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. आई शेजारच्या काकूंना कौतुकाने सांगायची, या वयात एवढं कोण करतं! ऑफिसात उपासाऐवजी ‘इंटरमिटंट फास्टिंग’ म्हटलं की झालं. तिथेही कौतुकच.

त्या वाचनात मी पूर्णपणे योंग-हेच्या बाजूने होतो. माझी हिरॉईन होती ती. पुस्तकाबद्दल इंटरनेटवर जे काही लिहिलेलं होतं त्यातल्या बऱ्याच मजकुराने मला साथच दिली: तिचा नकार हे बंड आहे, पितृसत्तेला दिलेलं उत्तर आहे, शरीरावरचा स्वतःचा हक्क आहे. हे वाचन चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. तो बाप, तो नवरा, लहानपणची मारहाण, योंग-हेला चावलेल्या कुत्र्याला मोटरसायकलला बांधून मरेपर्यंत पळवण्याची ती आठवण, सगळं पुस्तकात आहेच. पण ताटातली अर्धी पोळी आईची नजर चुकवून कचऱ्यात टाकताना मीही स्वतःला हेच सांगायचो. हे लोक माझ्यावर दबाव आणतायत, मी विरोध करतोय. आजाराला समीक्षेची भाषा फार छान जमते.

तिसरं वाचन २०२४च्या ऑक्टोबरनंतरचं. हान कांगला नोबेल मिळालं, सगळीकडे पुन्हा त्या पुस्तकाचे फोटो दिसायला लागले. तोपर्यंत माझे उपचार सुरू होऊन बरेच महिने झाले होते आणि फ्रिजवर डाएटिशियनने दिलेला तक्ता चिकटवलेला होता.

यावेळी मला पहिल्यांदा त्या प्रसंगातली आई दिसली. बापाच्या थपडेत ती झाकली जाते. मारामारीच्या आधी तीच चॉपस्टिकमध्ये एकेक घास धरून मुलीच्या तोंडापाशी नेते: हे नको तर ते खा, ते नको तर हे तरी. पुढे दवाखान्यातसुद्धा ती औषध आहे म्हणून काळ्या बोकडाचा अर्क घेऊन येते. तिने कुणाला मारलेलं नाही. ती फक्त ‘नको’ ऐकत नाही. आणि ही बाई मी ओळखतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पंगतीत ती भेटेल.

‘आग्रह’ या शब्दाची गंमत अशी की तो ‘आग्रहाचं निमंत्रण’मध्येही बसतो आणि ‘सत्याग्रहा’तही. एकात माया आहे, दुसऱ्यात मागे न हटणं. पंगतीत दोन्ही असतं. वाढणारा जिलबी घेऊन आला की पहिलं ‘नको’ हा शिष्टाचार, दुसरं ‘नको’ हा लाजाळूपणा. तिसऱ्या वेळी माणूस दोन्ही हात पानावर आडवे धरतो, आणि बोटांच्या फटीतून जिलबी पानात पडते. सगळे हसतात. हा खेळ सगळ्यांना येतो, म्हणून कुणाला लागत नाही. पण या खेळाने ‘नको’ हा शब्दच वापरून संपवलाय. ज्याला खरंच नको म्हणायचंय त्याने काय म्हणायचं?

त्याहून अवघड म्हणजे, ज्याला खायचंय त्याने काय म्हणायचं? बरं होत असताना मी ठरलेलं सगळं खात होतो. गणपतीत आत्याकडे गेलो. तिने न विचारता तिसरा मोदक वाढला, त्यावर तुपाची धार सोडली आणि त्याच दमात म्हणाली, “बरा भरलास हं आता! लग्नाआधी पोट तेवढं सांभाळ.” एका वाक्यात जास्त खा आणि कमी खा. आत्याला वाटलं ती माझी तब्येत सुधारल्याचं कौतुक करतेय. ‘भरलास’ हा शब्द मला पुढचे चार दिवस प्रत्येक घासाबरोबर ऐकू आला.

बापाची थप्पड ओळखायला सोपी असते, मोदकाचं काय करायचं?

काफ्काची ‘हंगर आर्टिस्ट’ ही १९२२ची गोष्ट मला इथे जास्त उपयोगी पडली. पिंजऱ्यात बसून उपास करून दाखवणारा कलावंत, आणि त्याचा मॅनेजर. उपास चाळीस दिवसांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही असा मॅनेजरचा नियम आहे. तब्येतीसाठी नव्हे, चाळीस दिवसांनंतर गावातल्या लोकांचा उत्साह ओसरतो म्हणून. चाळिसाव्या दिवशी बँड वाजतो, अर्धवट शुद्धीतल्या कलावंताला पिंजऱ्याबाहेर आणतात आणि मॅनेजर त्याच्या तोंडात दोन घास घालतो. घालताना तो गमतीगमतीचं बोलत राहतो, कारण कलावंताच्या अवस्थेकडे कुणाचं लक्ष जायला नको असतं. भरवणारा ज्याला भरवतोय त्याच्याकडे बघतच नाही. तो प्रेक्षकांकडे बघतोय. ही गोष्ट कलेबद्दल आहे, जेवणाबद्दल नाही, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. चार नातेवाइकांसमोर ‘आमच्याकडे येऊन उपाशी गेला असं नको व्हायला’ हे वाक्य ज्याने ऐकलंय त्याला हा मॅनेजर कळतो. आणि काफ्का कलावंतालाही सोडत नाही. मरताना तो कबूल करतो की माझ्या उपासाचं कौतुक करू नका, मला आवडेल असं अन्नच सापडलं नाही म्हणून मी उपाशी राहिलो. बंडबिंड काही नाही.

नेटफ्लिक्सवरच्या ‘टू द बोन’मध्येही (२०१७) भरवणारे हात आहेत. सावत्र आई एलनला बर्गरच्या आकाराचा केक देते, त्यावर ‘खा आता’ अशा अर्थाचं लिहिलेलं. शेवटाकडे सख्खी आई तिला तान्ह्या बाळासारखं बाटलीने पाजते. या प्रसंगाला हसणारे खूप भेटले. मला हसू आलं नाही. आई विचारते, एलन नाही म्हणते, आई तिथेच थांबते. रात्री एलन स्वतः परत येते. बाकी चित्रपटाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ताटातल्या पदार्थांच्या कॅलरी धडाधड म्हणून दाखवण्याचा जो खेळ त्यात आहे, तो आजारी असताना पाहिला असता तर मी पॉज करून लिहून घेतला असता.

पुन्हा ‘द व्हेजिटेरियन’कडे येतो, कारण माझ्या मते खरं पुस्तक तिसऱ्या भागात आहे आणि पहिल्या भागाइतकं त्याबद्दल कुणी बोलत नाही. योंग-हे आता मनोरुग्णालयात आहे. तिने मांसच काय, सगळंच खाणं सोडलंय. ती हातांवर उलटी उभी राहते. तिला झाड व्हायचंय, पाणी आणि ऊन पुरेल असं तिला वाटतं. घरचे सगळे तिला सोडून गेलेत. येते ती फक्त इन-हे. डबे घेऊन येते, उघडून दाखवते. मग डॉक्टर नाकातून नळी घालायचं ठरवतात. पुन्हा हात धरले जातात, पुन्हा नको असलेलं काहीतरी आत ढकललं जातं. हान कांगने तो जेवणाचाच प्रसंग पुन्हा लिहिलाय, पण यावेळी कोरड्या नवऱ्याच्या नजरेतून नाही, बहिणीच्या नजरेतून. नळी घातली नाही तर योंग-हे मरेल हे इन-हेला माहीत आहे. तरी तिला ते बघवत नाही आणि ती मध्ये पडते.

हे दोन प्रसंग सारखे आहेत का? दुसऱ्या वाचनात मी म्हणालो असतो, हो. आता तसं म्हणता येत नाही. लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये १९८०च्या दशकात किशोरवयीन मुलांच्या ॲनोरेक्सियासाठी एक पद्धत तयार झाली. त्यात काही काळ जेवणाचा ताबा सरळ आईवडिलांकडे देतात. मुलाला दोष द्यायचा नाही, आजार आणि मूल वेगळे धरायचे, पण ताटातलं संपेपर्यंत उठायचं नाही. पुढे ताबा हळूहळू मुलाकडे परत जातो. म्हणजे काही वेळा दबाव हाच उपचार असतो. बाप मांस कोंबतो ते जावयासमोर त्याची मान खाली गेलीय म्हणून. इन-हे डबा उघडते ते बहीण जगावी म्हणून. बाहेरून दोन्हीकडे भरवणारे हातच दिसतात.

एका जागी माझं पुस्तकाशी पटत नाही. योंग-हेची भूक फार सुंदर आहे. फुलं, पानं, हिरवा उजेड. १९४४-४५मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून प्रयोग झाला होता. ती धडधाकट माणसं सतत अन्नाचाच विचार करायला लागली, चिडचिडी झाली, काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. माझंही तेच. रात्री दोन वाजता मिसळीचे व्हिडिओ. भूक माणसाला झाड करत नाही, रेसिपी बघत बसलेला एक गारठलेला, खोटारडा माणूस करते. अर्थात वास्तव लिहिणं हे या कादंबरीचं काम नव्हतंच, हेही मला मान्य आहे.

आमच्या घरी काय झालं ते थोडक्यात सांगतो. आई तक्त्याप्रमाणे वाढते. मी ते खातो. किती राहिलं, किती घेतलं, यावर जेवताना कुणी बोलायचं नाही, इतर कशाहीवर बोलायचं. कुणाकडे गेलो की आई माझ्या शेजारी बसते. समुपदेशकासमोर घोकलेलं एक वाक्य आहे: “माझं जेवण ठरलेलं आहे, ताटाबद्दल नको बोलूया.” हे आत्याला पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ती दुखावली. दिवाळीपर्यंत तिने माझा फोन घेतला नाही. भाऊबीजेला तिने वाढलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मला त्या जेवणात चव लागली नाही, पण मी जेवलो.

मध्यंतरी आईने टेबलावर पडलेलं पुस्तक उचलून विचारलं, हे कशाबद्दल आहे. मी शेवटपर्यंत गोष्ट सांगितली, नळीपर्यंत, इन-हे बहिणीला घेऊन अँब्युलन्समधून सोलला निघते तिथपर्यंत. आई भाजी निवडत ऐकत होती. मग म्हणाली, “आणि त्या बहिणीला कोण जेवायला वाढतं रे?”

तीन वाचनांत हा प्रश्न मला पडला नव्हता. तिसरा भाग पुन्हा काढलाय.