सड्यावरची सावली

प्रवाशाला विसावा देणे ही आपल्याकडे पूर्वी पुण्याची गोष्ट होती. आता ती आराखड्याची झाली आहे. पुण्य करणारा झाड लावी, विहीर खणी आणि गुपचूप मरून जाई. आर्किटेक्ट आधी रंगीत चित्र काढतो. चित्रात हिरवळ असते, आकाशात चार पक्षी असतात, बाकावर एक सडपातळ बाई असते. ऊन तेवढे नसते.

ऊन पाहायचे तर एप्रिलात बुरोंडीला सड्यावर यावे. कोकण म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे माडपोफळी येतात. पण त्या खाली, आगरात. वर नुसता जांभ्याचा उघडा कातळ. दापोली तालुक्यात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि सड्यावरचा सगळा वाहून नाहीतर झिरपून जातो. श्रावणात गवत आणि रानफुले, एप्रिलात राजस्थानची कोकण शाखा! समोर एवढा समुद्र, पण प्यायला घोटभर नाही. ज्याने समुद्र हटवून ही भूमी मिळवली म्हणतात, त्या परशुरामाचा भला मोठा पुतळा बुरोंडीलाच उंचावर उभा आहे. त्याचं ठीक आहे, तो देव. आपण एस.टी.ने आलेलो.

आता हल्लीचा एखादा रस्त्याकडेचा थांबा मनाने उचलून या सड्यावर ठेवा. बाक समुद्राकडे तोंड करून. म्हणजे पश्चिमेकडे, तिसऱ्या प्रहरी ऊन थेट डोळ्यांत. वर छप्पर म्हणून पट्ट्यापट्ट्यांची जाळी. तिची सावलीही पट्ट्यापट्ट्यांची, झेब्र्याला साजेशी. जाळी नसली तर पत्रा, म्हणजे खाली माणसांची भाकरी भाजते. टाकीवर दात्याचे नाव हातभर, पाणी नावाला. आणि स्वच्छतागृहाला कुलूप. किल्लीवाला तालुक्याला गेलेला.

खरे तर लागणारे सामान पायाखालीच आहे. जांभ्याचा चिरा खाणीत मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. त्याची जाड भिंत पश्चिमेला घाला, वर उतरते कौलारू छप्पर, पावसाचे पाणी साठवायला खाली टाके. कातळात सुरुंगाने खड्डे पाडून, माती भरून इथल्या माणसाने हापूस जगवला. त्याच खड्ड्यात वड जगणार नाही का? शंका असेल तर दापोलीत १९७२पासून कृषी विद्यापीठ आहे. विचारायला पैसे पडत नाहीत.

ही चैनीची गोष्ट नव्हे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२मध्ये खुला झाला, तेव्हा गाडी पळवायची सोय चोख होती, थांबायची नव्हती. डुलकी येणाऱ्या ड्रायव्हरला कारंजे नको असते, वीस मिनिटांची गार सावली हवी असते. आणि आपल्या बायका लांबच्या प्रवासाला निघताना पाणी पीत नाहीत, ते तहान नसते म्हणून नव्हे. वाटेतले ते कुलूप त्यांना पाठ असते.

म्हणून सुचवावेसे वाटते की, थांब्याचा आराखडा कचेरीत मंजूर करू नये. एप्रिलातल्या दुपारी तीन वाजता, बांधलेल्या नमुन्यात आर्किटेक्टला सहकुटुंब बसवावे. सासूबाई बरोबर असाव्यात. अर्ध्या तासात सगळ्या दुरुस्त्या तोंडी मिळतील.