जुन्या जगांत नवा प्रवासी

एखादें पुस्तक जुनें झालें म्हणून तें वाचावयास घेऊं नये, असें कोणी शहाणा मनुष्य म्हणत नाहीं. ‘शाकुंतल’ आज प्रथमच हातीं घेणाऱ्या विद्यार्थ्यास आपण उशिरां आलों असें वाटण्याचें कारण नसतें. दुष्यंताचा रथ त्याच्यासाठींहि पहिल्याच वेगानें धांवतो. परंतु गेल्या तीसएक वर्षांत रंजनाचा असा एक प्रकार रूढ झाला आहे कीं, त्याच्याविषयीं ‘आतां आरंभ करण्यांत अर्थ आहे काय?’ हाच प्रश्न सर्वांत आधीं विचारला जातो. संगणकाच्या जाळ्यावर हजारों माणसांनीं आपापलें सोंग घेऊन एकाच कल्पित जगांत एकाच वेळीं वावरावयाचें, असा हा ऑनलाइन भूमिका-खेळांचा प्रकार होय. १९९७ सालीं ‘अल्टिमा ऑनलाइन’, १९९९ सालीं ‘एव्हरक्वेस्ट’ आणि २००४ सालीं ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हे खेळ निघाले. त्यांच्या पहिल्या खेळाडूंचीं मुलें आतां स्वतः खेळण्याच्या वयाचीं झालीं आहेत. तेव्हां हा प्रश्न विचारणारा तरुण अगदींच वावगें विचारतो असें म्हणतां येत नाहीं.

या पिढींतील एकाच खेळाचा विचार आम्ही येथें करणार आहों. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’ हा खेळ टर्बाइन नांवाच्या अमेरिकन कंपनीनें २४ एप्रिल २००७ रोजीं सुरू केला. डिसेंबर २०१६ पासून तो स्टँडिंग स्टोन गेम्स या संस्थेकडे आला. हाच खेळ निवडण्याचें कारण असें कीं, त्याचें मूळ एका साहित्यकृतींत आहे. ऑक्सफर्ड येथील प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन यांची त्रिखंडात्मक कथा १९५४-५५ सालीं प्रसिद्ध झाली, आणि त्या कथेची भूमि, तींतील माणसें व तिचा धर्म हा खेळ आपल्यापुढें मांडूं पाहतो. कादंबरीवरून रचलेल्या नाटकास जी कसोटी लावावयाची, तीच यासहि लावण्यास हरकत नसावी.

या खेळाविरुद्ध जे आक्षेप ऐकूं येतात ते तीन आहेत: चित्रें जुनीं झालीं, वाट फार लांबली, आणि सोबती पांगले. त्यांचा क्रमानें विचार करूं.

चित्रांविषयींचा आक्षेप अर्धा खरा आहे. माणसांचे चेहरे लांकडी दिसतात, अंगविक्षेप कळसूत्री बाहुल्यांसारखे वाटतात, आणि आजच्या रुंद पडद्यांवर अक्षरें इतकीं बारीक उमटतात कीं, प्रौढ वाचकानें चष्मा जवळ ठेवूनच बसावें. परंतु भूमीचें चित्रण ज्यानें केलें त्याला दृष्टि होती. शायरमधील हिरव्या टेंकड्या व त्यांच्या पोटांत बसविलेलीं गोल दारें, एव्हेंडिमचें निश्चल सरोवर, ओल्ड फॉरेस्टमधील वाट चुकविणारी झाडी, हीं स्थळें आजहि मनास धरून ठेवतात. नाटकाचा पडदा रंगविलेला आहे हें ठाऊक असूनहि आपण त्यांत रमतों; रमावयाचें नसेल त्याला नवा कोरा पडदाहि पुरा पडत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक विचार करावयास लावणारा आहे. २००७ सालीं या खेळांत चढावयाच्या पायऱ्या ५० होत्या. २०२३ पर्यंत त्या १५० झाल्या. नव्यानें येणाऱ्याच्या उरांत ही संख्या ऐकूनच धडकी भरते. पण हे खेळाडू मध्यंतरीं कसे खेळत आले तें पाहावें. मोरियाचीं दारें उघडलीं २००८ सालीं. रोहनचें गवताळ मैदान दिसावयास २०१२ उजाडावें लागलें. हेल्म्स डीपचा वेढा २०१३ मध्यें पडला. आणि ज्या अंगठीच्या नाशासाठीं ही सारी यातायात, तिचा नाश होऊन मॉर्डोरची भूमि खेळाडूंस मोकळी झाली ती २०१७ मध्यें, म्हणजे आरंभापासून दहा वर्षांनीं! हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणुकी’च्या अंकांतून तुकड्यातुकड्यानें वाचणाऱ्यांची जी उत्कंठा व जी तळमळ होत असेल, तीच यांच्या वांट्यास आली. नव्या प्रवाशाच्या हातीं मात्र बांधलेला ग्रंथ पडतो. त्याला कोठेंहि थांबावें लागत नाहीं. हवें तेथें तो थांबूं शकतो. काळानें त्याचें नुकसान केलें असें मानण्याची चाल आहे. या बाबतींत काळानें त्याच्यासाठीं रस्ता बांधून ठेविला आहे.

येथें एक गंमत सांगण्याजोगी आहे. पुढच्या प्रदेशांत लौकर पोंचतां यावें म्हणून चालकांनीं पायऱ्या इतक्या सोप्या करून ठेविल्या आहेत कीं, एका प्रदेशाची कथा अर्धी होते न होते तोंच खेळाडू त्या प्रदेशास जड होतो. तेथील लढाया त्याला पोरखेळ वाटूं लागतात. यावर उपाय म्हणून खेळांतच ‘कासवाचा खडा’ या अर्थाच्या नांवाची एक वस्तु मिळते. ती जवळ बाळगली म्हणजे पायरी वाढणें बंद होतें. आरंभींच लढायांचें अधिक कठीण मान निवडण्याचीहि सोय आहे. वर न चढण्याचें साधन लोकांनीं मागावें व चालकांनीं तें द्यावें, ही या खेळावरील सर्वांत मार्मिक टीका होय, व तीच त्याची सर्वांत मोठी स्तुतीहि होय. ज्या जगांत लोकांस सावकाश चालावेंसें वाटतें, तें जग शेवटच्या पायरीसाठीं निर्माण झालेलें नाहीं.

आतां हें चालणें कशासाठीं, तें पाहूं. या खेळांत खेळाडूच्या प्राणांची मोजदाद नसून धैर्याची आहे. घाव बसला म्हणजे धैर्य खचतें. तें संपलें म्हणजे मनुष्य मरत नाहीं, रणांतून पाय काढतो. त्यामुळें इतर खेळांत वैद्याचें किंवा मांत्रिकाचें जें काम, तें येथें शाहिराकडे आलें आहे. मिन्स्ट्रेल नांवाचा पात्रवर्ग आपल्या गाण्यानें सोबत्यांचें धैर्य सांवरून धरतो. मूळ कथेंत आशा व भीति यांचीच खरी झुंज आहे, हें ज्यानें ओळखलें त्यालाच ही योजना सुचावी. साध्या अंकगणितांतहि मूळ लेखकाचा भाव उतरविला, हें रूपांतरकाराचें कौशल्य आम्हांस फार मोलाचें वाटतें.

तसेंच खेळाडूस येथें फ्रोडो होतां येत नाहीं. अंगठी दुसऱ्याच्याच गळ्यांत असते. आपण बाजूच्या वाटेनें चालत, कोठें निरोप पोंचवीत, कोठें पूल राखीत, मोठ्यांच्या कार्याला हातभार लावावयाचा. सेतुबंधनांतील खारीचा वांटा तो हाच. शायरमधील कित्येक कामें तर लढाईचीं नाहींतच: भट्टींतून निघालेले खमंग पदार्थ भुकेल्या हॉबिटांच्या नजरेस न पडतां पोंचवावयाचे, टपालाच्या थैल्या चौकस शेजाऱ्यांना चुकवून न्यावयाच्या. या क्षुल्लक उठाठेवींनींच तो गांव आपला होतो, आणि पुढें काळे स्वार दिसले म्हणजे त्या गांवाविषयीं पोटांत कालवतें. २००१ ते २००३ च्या चित्रपटांनीं वगळलेला टॉम बाँबॅडिलहि येथें आपल्या घरीं भेटतो. रूपांतरकारांनीं स्वतःची भर घातली आहे ती नार्मेलेथच्या कथेंत. अंगठीच्या मोहानें अमार्थिएल होऊन बसलेली ही मुलगी आणि तिच्यासाठीं झुरणारा तिचा बाप लेर्डन यांचें आख्यान मूळ ग्रंथांत नाहीं. पण तें मूळच्या बीजांतूनच उगवलेलें आहे.

मग दोष नाहींत काय? आहेत, आणि त्यांतील एक गंभीर आहे. अमुक इतकीं रानडुकरें मारून या, तमुक इतकीं कातडीं आणा, या कामांची पुनरुक्ति कंटाळवाणी होते. ती एक वेळ क्षम्य मानूं. परंतु २०१० सालीं हा खेळ विनाशुल्क झाला व त्याबरोबर आंत एक दुकान आलें. टोल्किन यांनीं परीकथांवरील आपल्या व्याख्यानांत (१९३९, मुद्रण १९४७) असें प्रतिपादिलें आहे कीं, लेखक एक दुय्यम सृष्टि निर्माण करतो, व तिच्या नियमांनीं आंत सर्व खरें असतें, अविश्वास उत्पन्न झाला कीं मंत्र सुटला. दुकानाचें चिन्ह डोळ्यांपुढें लकाकलें कीं हा मंत्र सुटतो. त्यांतहि नशिबाच्या कुलुपबंद पेट्या व त्यांच्या विकाऊ किल्ल्या पाहून आम्हांस खेद झाला. एका लहानशा सोन्याच्या वस्तूच्या लोभानें राज्यें बुडालीं, असें जी कथा पानोपानीं सांगते, तिच्याच अंगणांत लोभाची ही सोडत मांडावी, याहून विपरीत तें काय? न्यायासाठीं एवढें सांगितलें पाहिजे कीं, दुकानांतील नाणें खेळांत पराक्रम करूनहि थोडेंथोडें मिळवितां येतें, आणि २०२२ सालीं पंधरा वर्षें पुरीं होण्याच्या सुमारास जुन्या प्रदेशांचा मोठा भाग विनामूल्य खुला करण्यांत आला. ज्याचें मन निग्रही आहे त्यानें दुकानाकडे पाठ फिरवून मोरियापलीकडे जाणें सहज शक्य आहे.

तिसरा आक्षेप सोबत्यांचा. येथें मात्र नव्या प्रवाशाचें खरोखर नुकसान झालें आहे. आरंभींच्या वर्षांत मुख्य कथेचे कित्येक अध्याय चारपांच जणांच्या टोळीवांचून पार पडत नसत. त्या निमित्तानें अपरिचितांचीं मनें जुळत. पुढें लोक विरळ झाले तेव्हां हे अध्याय एकट्यासहि जमावेत अशी सोय करावी लागली. सोय झाली, निमित्त गेलें. २०२५ मध्यें नव्या यंत्रांवर नवीं जगें उघडून जुन्या जगांतील बिऱ्हाडें तिकडे हलविण्यांत आलीं. गजबज वाढावी हा त्यांतील एक हेतु होता. परंतु पहिल्या वर्षाची ती सामुदायिक नवलाई कोणत्याहि यंत्रानें परत येत नाहीं. जुने खेळाडू सौजन्यशील आहेत, नवख्यास हात देतात, आपल्या कुळांत घेतात. तरी ते बव्हंशीं दूरच्या प्रदेशांत असतात, आणि नवखा शायरच्या वाटेवर पुष्कळदां एकटाच चालतो.

तरीहि या समाजानें काय निर्माण केलें होतें हें विसरूं नये. या खेळांत वाद्यें खरोखर वाजवितां येतात. स्वरलेखन करून देऊन चारदहा जणांस मिळून वाद्यवृंद उभा करतां येतो. लँड्रोव्हल नांवाच्या जगांतील खेळाडूंनीं २००९ सालीं वेदरटॉपच्या उजाड टेंकडीवर ‘वेदरस्टॉक’ नांवाचा संगीतमहोत्सव भरविला व पुढें वर्षानुवर्षें चालविला. त्यांत मारावयास शत्रु नव्हता आणि चढावयास पायरीहि नव्हती. जेथें कथेंत फ्रोडोस जखम झाली, तेथें माणसें गाणें ऐकण्यास जमलीं. कोणत्याहि कलाकृतीला रसिकांकडून याहून सुंदर भाष्य मिळालेलें आम्हांस ठाऊक नाहीं.

येथवर तीन आक्षेपांचा हिशेब झाला. वयानें या खेळाचा ग्रंथाचा अंश वाढविला आहे व सभेचा अंश घटविला आहे. म्हणून जो सभेसाठीं, चढाओढीसाठीं, पहिल्या रांगेंत उभें राहण्यासाठीं येऊं इच्छितो, त्यानें येथें येऊं नये. त्याला नव्या खेळांची वाण नाहीं. जो वाचण्यासाठीं येतो, सावकाश चालण्यांत ज्याला सुख आहे, त्यानें अवश्य यावें. कासवाचा खडा खिशांत टाकावा आणि शायरपासून निघावें.

परंतु असा मनुष्य बहुधा म्हणतो, ‘पाहूं पुढें, सवड झाली म्हणजे.’ ग्रंथाविषयीं हें उत्तर चालतें. खेळाविषयीं चालत नाहीं. ग्रंथाच्या हजार प्रती हजार फडताळांत असतात. या जगाची वस्ती चालकाच्या यंत्रांवर असते. खेळाडूच्या हातीं असतें तें केवळ दार. याच टर्बाइन कंपनीचें ‘अशेरॉन्स कॉल’ हें जग नोव्हेंबर १९९९ मध्यें उघडलें व ३१ जानेवारी २०१७ रोजीं मिटलें. ‘स्टार वॉर्स गॅलॅक्सीज’ १५ डिसेंबर २०११ रोजीं बंद झालें. ‘सिटी ऑफ हीरोज’ ३० नोव्हेंबर २०१२ रोजीं बंद पडलें. त्याच्या भक्तांनीं तें पुन्हां उभें केलें व जानेवारी २०२४ मध्यें मूळ मालकाकडून त्यांच्यांतील एका मंडळास रीतसर परवानगीहि मिळाली. पण असें भाग्य क्वचितच एखाद्याचें. एरवीं दिवा मालवला म्हणजे टेंकड्या, घरें, आणि त्यांत माणसांनीं घालविलेल्या संध्याकाळी एकदमच नाहींशा होतात.

तेव्हां ‘उशीर झाला काय?’ या प्रश्नास आमचें उत्तर असें: उशीर अजून झालेला नाहीं, पण तो होणार आहे, आणि तो केव्हां होईल हें ठरविणें वाचकाच्या हातीं नाहीं. जुनें पुस्तक आपली वाट पाहतें. जुनें जग पाहीलच असें नाहीं. ज्याला जावयाचें आहे त्यानें तेथें दिवे आहेत तोंच जावें.