नैराश्याचा चेहरा, पण कुणाचा?

धर्मापुरीत बाहेरचा माणूस कॅमेरा घेऊन येतो तो बहुतेक वेळा केदारेश्वराच्या देवळासाठी. पण मराठवाड्यातल्या गावांचा आणखी एक फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. दारात किंवा भिंतीला टेकून बसलेली बाई, डोक्यावर पदर, हातात नवऱ्याचा फ्रेम केलेला फोटो. 2006 च्या सुमारास विदर्भातून हा फोटो सारखा छापून यायला लागला. 2015-16 च्या दुष्काळात तो बीड, लातूरमधून यायला लागला. बाई बदलते, फोटो तोच.

यंदा पीएचडीच्या तयारीतल्या दोन ज्युनिअर्सनी मला सिनॉप्सिस वाचायला दिले. दोघांचाही विषय साधारण एकच: पोर्ट्रेट छायाचित्रणातून मानसिक त्रास कसा व्यक्त होतो. दोघांच्याही पीपीटीत हाच फोटो होता. एकाने खाली लिहिलं होतं, ‘नैराश्याचा चेहरा’. मी विचारलं, कुणाच्या नैराश्याचा? तो म्हणाला, “म्हणजे काय दादा, त्या ताईंच्या.” मग फ्रेममधला माणूस? त्याच्याकडे त्याने नीट बघितलंच नव्हतं.

तुम्हीही बघितलं नसेल, म्हणून तो फोटो तयार कसा होतो ते सांगतो. बारावीनंतरच्या सुट्टीत मी एका स्टुडिओत बसायचो. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि ‘मोठा फोटो’. मोठा फोटो म्हणजे गेलेल्या माणसाचा. घरच्यांकडे त्याचा एकट्याचा फोटो क्वचितच असायचा. कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो यायचा, मागच्या रांगेत अर्धा झाकलेला माणूस. तो चेहरा कापायचा, मागे निळा रंग टाकायचा, कॉम्प्युटरमध्ये तयार असलेला कोट अंगात घालायचा, चेहरा दोन शेड गोरा करायचा. आमच्या ओळखीतल्या एका काकांचा फोटो मीच केला. काकांनी आत्महत्या केली होती. काकू म्हणाल्या, “बाळा, जरा हसरे कर त्यांना.” मी ओठांचे कोपरे माऊसने थोडे वर ओढले. मिनिटभराचं काम.

काही महिन्यांनी एका वर्तमानपत्रात काकूंचा फोटो आला. मांडीवर तीच फ्रेम. खाली कर्जाचा आकडा आणि एकरांची संख्या.

म्हणजे ज्याला आपण दुःखाचं पोर्ट्रेट म्हणतो त्यात तीन हात होते: फोटोग्राफरचा, बातमी लिहिणाऱ्याचा आणि माझा. काकांच्या मनात शेवटची दोन वर्षं काय चाललं होतं ते तिघांपैकी कुणाकडेच नव्हतं. उलट मी त्यांना हसवलं होतं. आणि वाचक काकूंचा चेहरा बघून काकांचं मन वाचत होते. विज्ञानात आपण एका राशीच्या जागी दुसरी मोजली तर निदान तसं लिहून तरी ठेवतो!

हे फक्त फोटोग्राफरच्या डोक्यावर फोडून चालणार नाही. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात एक लाखाच्या मदतीसाठी प्रशासन जे निकष बघतं ते आठवा: नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा. त्यात प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरतं. मनाच्या आजाराला त्यात जागा नाही. मग ‘ते वर्षभर झोपत नव्हते, बोलत नव्हते’ हे घरच्यांनी कॅमेऱ्यासमोर का सांगावं? माझा अंदाज असा की फोटोतली शांतता पुष्कळदा या कागदांतून येते आणि आपण ती ‘चेहऱ्यावरचं दुःख’ म्हणून वाचतो. कर्ज खरं नव्हतं असं मी म्हणत नाही. कर्जामुळे झोप उडते, आणि झोप उडाल्यावर त्या कर्जातून वाट काढायची ताकदही राहत नाही. फोटोच्या ओळीत यातलं पहिलं येतं, दुसरं येत नाही.

लिटरेचर रिव्ह्यूमध्ये या सवयीचं मूळ शोधायला जुन्या काळात जावं लागतं. इंग्लंडमध्ये ह्यू डायमंड या डॉक्टरने 1850 च्या दशकात सरे काउंटीच्या मनोरुग्णालयातल्या स्त्रियांचे फोटो काढले आणि चेहऱ्यावरून आजार ओळखता येईल असं मांडलं. पॅरिसच्या सालपेट्रिएर रुग्णालयात शार्कोच्या देखरेखीखाली 1876 ते 1880 या काळात हिस्टेरियाच्या रुग्णांच्या फोटोंचे खंड निघाले. त्यातली ओगुस्तिन नावाची मुलगी सगळ्यात प्रसिद्ध. ‘झटक्या’च्या एकेका अवस्थेचे तिचे फोटो बघताना प्रश्न पडतो की यातलं आजाराचं किती आणि कॅमेऱ्यासाठीचं किती. 1880 मध्ये ती पुरुषाचे कपडे घालून तिथून पळून गेली. त्या क्षणाचा फोटो अर्थातच नाही.

दुसऱ्या सिनॉप्सिसमध्ये ‘क्रिएटिव्ह’ पोर्ट्रेट होती. चेहऱ्यावर हात, अर्धा अंधार, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, हललेला फोटो. खरं सांगतो, मला कंटाळा आला. ती मुलं प्रामाणिक आहेत, काही स्वतः त्रासातून गेलेली आहेत. पण ही भाषा इतकी तयार मिळते की ती वापरली की माणूस गायब होतो. माझ्या स्टुडिओतल्या कोटासारखीच, कुणाच्याही अंगात बसते.

याच्या उलट सोहराब हुरा यांची दोन पुस्तकं बघा. ते मूळचे बंगालचे, पण आपल्या विषयाला याहून जवळचं भारतीय काम मला माहीत नाही. 1999 मध्ये त्यांच्या आईला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, तेव्हा ते 17 वर्षांचे होते. ‘लाइफ इज एल्सव्हेअर’ (2015) हे पुस्तक कृष्णधवल, त्या घरात अडकलेल्या मुलाचं. ‘लुक इट्स गेटिंग सनी आउटसाइड’ (2018) रंगीत आहे. त्यात आई आहे, तिची कुत्री आहे, घरातला रोजचा दिवस आहे. आजार एका चेहऱ्यात दाखवायचा हट्ट नाही. तो वर्षांमध्ये पसरलाय, आणि मधल्या बऱ्या दिवसांनाही जागा आहे. माझी एक तक्रार आहे: ही दोन्ही पुस्तकं मुलाची आहेत, आईची नाहीत. तिच्या हातात कॅमेरा असता तर तिने काय काढलं असतं?

नेमक्या याच प्रश्नावर एक संशोधनपद्धत उभी आहे, फोटोव्हॉइस. कॅरोलिन वांग आणि मेरी अॅन बरिस यांनी 1990 च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतातल्या खेड्यांतल्या बायकांना कॅमेरे दिले. फोटो त्यांनी काढायचे, निवडायचे, त्यांबद्दल त्यांनीच बोलायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण ऊसतोडीला गेलेली बाई सहा महिने गावात नसेल तर तुमचं वेळापत्रक कोलमडतं. आणि कॅमेरा दिला म्हणून सत्ता दिली असं होत नाही, प्रबंध शेवटी आपल्याच नावावर निघतो.

परवानगीचंही बघा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 24 नुसार, मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. पण दारात बसलेल्या काकू कुठल्याच संस्थेत उपचार घेत नव्हत्या. तिथे कायदा पोचत नाही, तुमचा कन्सेंट फॉर्म पोचला पाहिजे. फॉर्म सोप्या मराठीत हवा, वाचून दाखवलेला हवा, महिनाभराने ‘नको’ म्हणायची सोय हवी. खाली टेलिमानसचा 14416 हा क्रमांक हवा.

हे लिहिण्याआधी मी काकूंना फोन केला, लिहू का म्हणून. लिही म्हणाल्या, नाव नको. ती फ्रेम आता भिंतीवर नाही. “ते तसे नव्हते रे दिसत,” एवढंच म्हणाल्या. लग्नातला तो ग्रुप फोटो मात्र कपाटात आहे.

पहिल्या ज्युनिअरने ‘नैराश्याचा चेहरा’ ही स्लाईड काढून टाकली आहे. आता त्याला परळी-अंबाजोगाई पट्ट्यातल्या स्टुडिओवाल्यांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत: घरचे गेलेल्या माणसाच्या फोटोत काय बदलून मागतात? गाईडने अजून होकार दिलेला नाही. सॅम्पल किती, विचारताहेत.