जिथे सूर्य मावळत नाही : परग्रहावरच्या श्रद्धा आणि आपले साहित्य

रत्नागिरीच्या दक्षिणेला, पावसच्या पुढे, मुचकुंदी नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखावर पूर्णगडचा छोटा किल्ला आहे. किल्ल्याच्या दरवाजावर गणपतीबरोबर चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. खालच्या गावात मच्छीमार आहेत, मोहल्लाही आहे. शाबानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी अशा किनाऱ्यावर माणसे पश्चिमेकडे तोंड करून चंद्रकोर शोधतात. ती दिसली की हात दुआसाठी उठतात. उधाण कधी आणि भांग कधी, हेही होडीवाल्याला चंद्रच सांगतो.

त्या संध्याकाळी दुसऱ्या ग्रहावरचा एखादा प्रवासी इथे उतरला, तर तो आपल्या वहीत काय लिहील? 'हे लोक चंद्राची पूजा करतात', असेच लिहील. त्याने जे पाहिले ते खरे असेल, पण त्याचा अर्थ साफ चुकीचा असेल. सूर्याला किंवा चंद्राला सजदा करू नका, त्यांना घडवणाऱ्याला करा, ही कुरआनची शिकवण त्याच्या दुर्बिणीत दिसणार नाही.

परग्रहावरच्या संस्कृतीचा धर्म कल्पनेने रचणारा लेखक याच प्रवाशाच्या जागी असतो. असे साहित्य वाचताना म्हणून दोन प्रश्न विचारावेत. तो धर्म तिथल्या पाण्यातून, उजेडातून, मातीतून उगवला आहे का? आणि लेखकाने तो आतून पाहिला आहे की केवळ बाहेरून?

पहिल्या प्रश्नाला आयझॅक असिमोव्हची 'नाइटफॉल' ही 1941 सालची कथा उत्तम उत्तर देते. लगाश या ग्रहाला सहा सूर्य आहेत. एक मावळला तरी दुसरा आकाशात असतोच, म्हणून तिथल्या माणसांना रात्र ठाऊक नाही. मात्र 2049 वर्षांतून एकदा आकाशात एकच सूर्य उरतो, त्यालाही ग्रहण लागते आणि अंधार पडतो. तिथल्या एका पंथाच्या ग्रंथात हे सांगितलेले आहे. ग्रह एका गुहेत शिरतो, तारे प्रकट होतात आणि माणसांचे आत्मे हिरावून नेतात, असे तो पंथ मानतो. शास्त्रज्ञ या पंथाला हसतात, पण आपले गणित पडताळायला त्यांना त्याच पंथाकडची माहिती लागते. पुराणकथा म्हणजे एखाद्या खऱ्या घटनेची मोडकीतोडकी आठवण असू शकते, हे असिमोव्ह फार सहजपणे दाखवतो.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र कथा कमी पडते. पंथाचा माणूस वेधशाळेत शिरतो तो कॅमेरे फोडायला. त्याची प्रार्थना, त्याची कृतज्ञता, घरी मुलाला तो काय शिकवतो, यातले काहीच आपल्याला कळत नाही. असिमोव्हच्या लेखी धर्म म्हणजे भीती, एवढेच.

इथे मुस्लिम वाचकाला हजरत इब्राहीम (अ.स.) यांची कुरआनातली हकीकत आठवल्याशिवाय राहत नाही. ते तारा पाहतात, मग चंद्र, मग सूर्य. प्रत्येकाला 'हा माझा रब' म्हणून पाहतात आणि मावळणाऱ्याला नाकारत शेवटी या सर्वांच्या निर्मात्याकडे वळतात. हा सारा विचार मावळण्यावर उभा आहे. मग लगाशवर, जिथे आकाश कधीच रिकामे होत नाही, तिथला इब्राहीम काय म्हणेल? तिथे सूर्यांना देव मानणे किती सोपे आणि नाकारणे किती अवघड! ज्या रात्री सगळे सूर्य विझतात, त्या रात्री लगाशचे लोक वेडे होऊन उजेडासाठी शहरे पेटवतात. त्याच रात्री कुणीतरी एकजण शांतपणे म्हणू शकला असता, 'हेही मावळले, म्हणजे हे देव नव्हते.' ही शक्यता असिमोव्हला दिसली नाही.

ग्रहणाचीच आणखी एक आठवण आहे. प्रेषित मुहंमद (स.) यांचा चिमुकला मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक दोन्हींचा संबंध जोडू लागले. पैगंबरांनी शोकात असतानाही ते खोडून काढले. कुणाच्या मृत्यूमुळे वा जन्मामुळे ग्रहण लागत नाही, ही अल्लाहची निशाणी आहे, असे सांगून नमाजकडे बोलावले. एक पुराणकथा जन्माला येता येता थांबवली गेली. असा प्रसंग परग्रहावरच्या कथेत का येऊ नये?

फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' (1965) अधिक खोल जाते. 2021 आणि 2024 सालच्या चित्रपटांमुळे ती आपल्याकडेही पोहोचली आहे. अर्राकिस हा वाळवंटी ग्रह. तिथले फ्रेमेन माणसांचेच दूरचे वंशज आहेत, पण ग्रहाने त्यांचा धर्म घडवला आहे. समोर थुंकणे हा तिथे सन्मान, कारण माणूस आपले पाणी देतो. मृताचे पाणी टोळीचे असते. मेलेल्यासाठी कुणी रडला तर सगळे स्तब्ध होतात, कारण त्याने मृताला पाणी दिले. पाणी नसेल तर तयम्मुम करणाऱ्या आपल्या परंपरेला हे समजायला वेळ लागत नाही.

मात्र 'महदी', 'लिसान अल गैब' हे आपले शब्द हर्बर्टने उचलले, तेव्हा त्यामागची श्रद्धा बरीचशी बाहेरच राहिली. फ्रेमेनांची भविष्यवाणी तर परक्या पंथाने स्वतःच्या सोयीसाठी पेरलेली आहे. धर्माचा असा राजकीय वापर होतो, हे हर्बर्टचे निरीक्षण खरे आहे. पण शब्द आपले आणि अर्थ दुसऱ्याचा, हा अनुभव आपल्याला नवा नाही. मराठी कथा-कादंबरीतही आपण कितीदा दाढी, बुरखा आणि बिर्याणी एवढेच होऊन येतो! आपले जगणे आपणच लिहावे, या जाणिवेनेच 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले.

मराठी विज्ञानकथेत जयंत नारळीकरांनी 'यक्षांची देणगी', 'वामन परत न आला' अशी पुराणातली नावे घेऊन नवे विज्ञान वाचकाच्या ओळखीचे केले. परग्रहावरच्या संस्कृतीशी संबंध जोडणाऱ्या कादंबरीला त्यांनी 'प्रेषित' हे नाव दिले. आपल्या घरात या शब्दाचा अर्थ पैगंबर. शब्द एकच, दोन्ही घरांतला. परंतु 2025 साली निवर्तलेल्या या लेखकाची ओढ विज्ञानाकडे होती, परक्या लोकांच्या उपासनेकडे नव्हती. ती जागा मराठीत अजून मोकळी आहे.

ती आपण का भरू नये? कथेत खोटा देव रचला तर शिर्क होईल का, ही शंका काहींच्या मनात येते. ती हसण्यावारी नेऊ नये. पण पात्राची श्रद्धा म्हणजे लेखकाचा कलमा नव्हे. अंदालुसियात बाराव्या शतकात इब्न तुफैलने 'हय्य इब्न यक्जान' लिहिले. निर्जन बेटावर हरिणीने वाढवलेला मुलगा मृत्यू, अग्नी, तारे पाहत स्वतःच्या बुद्धीने निर्मात्यापर्यंत पोहोचतो, अशी ती कथा. लेखक कुणी बंडखोर नव्हता, दरबारी हकीम होता. शिवाय माणूस मातीचा आणि जिन्न अग्नीचा, त्या जिन्नांतही ईमान आणणारे आणि न आणणारे आहेत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. 'रब्बुल आलमीन' म्हणताना आपण अनेक जगांचा उल्लेख रोजच करतो.

पूर्णगडच्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने असा ग्रह लिहावा, जिथे फक्त वारा आहे. मतलई वारा सुटला की लोक आनंदतात, खारा सुटला की दारे लावतात, आणि वाऱ्यालाच रब मानतात. मग एके दिवशी वारा पडतो. त्या दिवशी एक मूल आईला काय विचारते, तिथून कथा सुरू करावी. फक्त त्या आईला हसू नये. आपल्याकडे बाहेरून पाहणाऱ्याकडून आपणही तेवढीच अपेक्षा करतो.