चांगल्या शुश्रूषागृहावरही खटला? एक पेपर वाचताना

गेल्या आठवड्यात आमच्या जर्नल क्लबमध्ये मी डेव्हिड स्टडर्ट आणि सहकाऱ्यांचा २०११ चा ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला पेपर मांडला. विषय अमेरिकेतल्या नर्सिंग होम्सवरचे नुकसानभरपाईचे दावे. (आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं खाजगी हॉस्पिटल. तिकडे मात्र म्हाताऱ्या, परावलंबी माणसांना कायमचं ठेवून घेणारी संस्था.)

प्रश्न साधा आहे: जिथे सेवा वाईट, तिथेच दावे जास्त होतात का? १४६५ संस्था, १९९८ ते २००६ चा डेटा. उत्तर ‘हो’ असं येतं. तपासणीत सापडलेल्या त्रुटी एका प्रमाण विचलनाने वाढल्या तर दाव्याचे ऑड्स १.०९ पट होतात, आणि विश्वासांतर १.०५ ते १.१३. आपल्यातले बरेच जण इथेच थांबतात. सिग्निफिकंट आलं, चला पुढे!

लेखक थांबले नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांनी तोच आकडा माणसाला कळेल असा मांडला. त्रुटींच्या क्रमवारीत शंभरात दहाव्या, म्हणजे उत्तम संस्थेवर वर्षभरात दावा होण्याची शक्यता ४० टक्के. नव्वदाव्या, म्हणजे वाईट संस्थेवर ४७ टक्के. फरक फक्त सात टक्के-बिंदूंचा. म्हणजे जास्त आया-मदतनीस नेमून सेवा सुधारली, तरी दायित्व विम्याचा हप्ता फारसा उतरायचं कारण नाही. मग खर्च कोण करेल?

यावरून लेखक म्हणतात, की चांगलं-वाईट इतकं कमी ओळखणारे खटले सेवा सुधारायला भाग पाडू शकतील, याची खात्री नाही. इथे मी अडते. तपासणी होते साधारण वर्षातून एकदा, आणि विश्लेषण मात्र तिमाहीवार. बेडसोर आणि वजन घटण्याची नोंद तर संस्थेचेच कर्मचारी भरतात. जी संस्था बेडसोर लपवते ती कागदावर चांगली दिसते, आणि दावा तिच्यावरच होतो! मोजमापात असा गोंधळ असला की खरं नातंसुद्धा आकड्यांत फिकं दिसतं. शिवाय दावा एका आजीच्या पडण्याबद्दल असतो, गुणवत्ता मात्र अख्ख्या संस्थेची सरासरी. त्या आजीच्या बाबतीत हलगर्जी झाली होती की नाही, हे या डेटात कुठेच नाही.

आमच्या ग्रुपमधला एक जण म्हणाला, मग पेपर बादच ना? नाही. विमा कंपनीलाही बाहेरून बहुतेक ह्याच नोंदी दिसतात, त्यामुळे हप्त्याच्या प्रश्नाला ४० विरुद्ध ४७ हे उत्तर मी मान्य करते. ‘खटल्यांना चांगली सेवा ओळखता येत नाही’ हा दुसरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी एकेका दाव्याची फाइल उघडून, तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी लागेल.