शिलालेखांचे छायाचित्रण आणि गोडॉक्स टीटी-६०० हा बाह्य फ्लॅश : एक परीक्षण

कोरीव लेखांच्या भाषिक अभ्यासात छायाचित्र हे सोबतीचे चित्र नसून पुरावा असते. प्राचीन मराठीतील 'केलें' हे नपुंसकलिंगी एकवचन की 'केले' हे पुल्लिंगी अनेकवचन, याचा निर्णय दगडावरील एका बिंदूवर अवलंबून असतो. आणि सह्याद्रीच्या सच्छिद्र काळ्या पाषाणावर असे बिंदू निसर्गानेही विपुल कोरून ठेवले आहेत. शकाच्या आकड्यांचीही तीच गत. म्हणून प्रकाश कोणत्या साधनाने पाडला, हा प्रश्न अभ्यासकाने छायाचित्रकारावर सोपवून मोकळे होण्याजोगा नाही.

कॅमेऱ्याच्या माथ्यावरील फ्लॅश या कामी जवळजवळ निरुपयोगी होय. तो समोरून प्रकाश टाकतो, त्यामुळे खोदरेषांत सावली उरत नाही व झिजलेले अक्षर पृष्ठभागात विरून जाते. प्रकाश पृष्ठभागाला घासून, तिरपा जावा लागतो. तथापि तेवढ्यानेही भागत नाही. डावीकडून आलेला प्रकाश काना उठावदार करतो, परंतु त्याच्या दिशेशी समांतर असलेली शिरोरेषा पुसट करतो. वरून आलेला प्रकाश नेमके उलट करतो. सबब किमान चार दिशांनी छायाचित्रे घेणे अवश्य ठरते. टॉम माल्झबेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडलेली, अनेक प्रकाशदिशांतील छायाचित्रे संगणकाने एकत्र करण्याची पद्धती याच तत्त्वाचा विस्तार आहे.

या दृष्टीने पाहता टीटी-६०० चे जे वैगुण्य म्हणून सांगितले जाते, तेच त्याचे बलस्थान ठरते. त्यात टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रकाशाचे प्रमाण स्वतः ठरविण्याची सोय, नाही. लग्नसमारंभात ही उणीव जाचेल. परंतु चार दिशांच्या छायाचित्रांची तुलना करावयाची असता प्रत्येक वेळी यंत्राने आपल्या मताने प्रकाश बदलणे हाच खरा उपद्रव होय. येथे पूर्ण शक्तीपासून १/१२८ पर्यंत जे प्रमाण हाताने लावावे, ते कायम राहते. शिवाय २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ ग्राहक आतच असल्याने फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर ठेवता येतो. प्रेषक मात्र वेगळा घ्यावा लागतो.

निर्मात्याने दिलेल्या ६० या गाइड नंबरविषयी सावध राहिले पाहिजे. तो आयएसओ १०० ला, मीटरमध्ये, व झोत २०० मिमी इतका आवळला असतानाचा आहे. त्या स्थितीत तीन मीटरांवर झोताची रुंदी जेमतेम अर्धा मीटर भरते. मीटरभर रुंदीच्या शिळेसाठी झोत पसरावा लागेल, आणि अंक घसरेल. फ्लॅश जवळ आणणे हा उपाय नव्हे. तो जवळच्या कडेपासून एक मीटरवर ठेवला तर दूरच्या कडेला चौथाई प्रकाशच पोहोचतो. तीन मीटरांवर ठेवल्यास निम्म्याहून थोडा अधिक पोहोचतो.

माध्यान्हीच्या उन्हात तर हे साधन हरतेच. आयएसओ १०० व १/२०० सेकंदाला ऊन सुमारे एफ ११ मागते. ते चौथाईवर दाबायचे तर छिद्र एफ २२ हवे, आणि तीन मीटरांवरून त्यासाठी ६६ चा गाइड नंबर लागेल. अतिवेगी शटरची सोय आहे खरी, पण तीत फ्लॅशचाही जोर ओसरतो. उघड्यावरील लेखासाठी संध्याकाळची वेळ, नाहीतर सावली धरणारी जाड चादर, हाच मार्ग.

चार एए बॅटऱ्यांवर पूर्ण शक्तीनिशी काम केल्यास दोन उजेडांत अडीच सेकंदांहून थोडा अधिक अवकाश पडतो. दगड कोठे जात नाही, त्यामुळे ही तक्रार येथे गौण आहे. ताम्रपटाची गोष्ट निराळी. घासलेल्या धातूवर उघडा झोत चकाकी उठवून अक्षरेच गिळतो. त्यावर पांढरे कापड धरावे, तर प्रकाश मऊ होऊन ठशाची धार जाते. त्या कामासाठी या फ्लॅशची शिफारस करता येत नाही.